फटफटी, बाळकुम आणि एक खिडकी

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान नर्मदा तरी ओलांडलेली असावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आमच्या ओळखीतली मंडळी एव्हाना केदारनाथपासून केंब्रिजपर्यंत जाऊन आली. त्यांनी काढलेले फोटोही आम्ही न कंटाळता पाहिले. अस्मादिकांची या वर्षीची मजल मात्र नौपाड्यापासून बाळकुमपर्यंत! अंतर पाच-सहा किलोमीटर. वाटेत घाट नाही, अरण्य नाही. लागते ती कापूरबावडीची वाहतूक. तरीही मी लिहायला बसलो आहे, कारण बाळकुमला मला एक वस्तू मिळाली. ती वस्तू मी नऊ वर्षे बरोबर घेऊन हिंडत होतो, हे मला तिथे गेल्यावरच कळले.

झाले असे की, माझी फटफटी वीस वर्षांची झाली. २००५ सालच्या दसऱ्याला मी ती घेतली. तेव्हा नोकरीत नुकताच कायम झालो होतो, लग्न ठरले होते आणि मागे कोणी बसणारे आहे या कल्पनेने खिशापेक्षा जरा मोठी उडी मारली होती. कंपनीचे नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२० साली एकदा वाढवून झाली होती. यंदा पुन्हा वेळ आली. "विकून टाका," असे मुलगा म्हणाला. "वीस वर्षांत तुमच्यापेक्षा कमी कुरकुर केलीय तिने," असे मुलाची आई म्हणाली. दोघांच्या बोलण्यात तथ्य होते.

पण अलीकडे गाडीनेही कुरकुर सुरू केली होती. सिग्नलला उभी असताना इंजिनाचा आवाज आपोआप चढे आणि उतरे. वर्गात झोपेला आलेल्या विद्यार्थ्याची मान जशी खाली जाते आणि दचकून वर येते, तसे. रात्री जिन्याखाली पेट्रोलचा वास दरवळे. आमच्या कॉलेजातले एक प्रयोगशाळा-सहायक बाळकुमचे राहणारे. ते म्हणाले, "सर, नळ्या गेल्या असतील. दादूसकडे न्या. पार्ट बदलण्याआधी विचार करणारा मिस्त्री आहे." असा माणूस आजच्या जगात पाच-सहा किलोमीटरवर मिळत असेल, तर जायलाच हवे.

एका रविवारी सकाळी निघालो. मासुंदा तलावाला वळसा घातला, खोपट मागे टाकले, कॅसल मिल, माजिवडा करीत कापूरबावडीला पोचलो. ठाण्याची मंडळी या रस्त्याला अजून जुना आग्रा रोड म्हणतात. नाव ऐकून वाटावे की आता पुढे ताजमहाल दिसणार. कापूरबावडीला एक वाट घोडबंदरकडे जाते आणि जुना रस्ता बाळकुमवरून कशेळीच्या पुलाने खाडी ओलांडून भिवंडीला निघतो. मेट्रोच्या पाचव्या मार्गिकेचे खांब या रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्या दोन्ही अंगांनी काल्हेर-कशेळीच्या गोदामांकडे जाणारे टेंपो, कंटेनर, रिक्षा आणि आमच्यासारख्या फटफट्या एकमेकांना खेटून चाललेल्या असतात. बाळकुम नाक्यावर मी सात मिनिटे उभा होतो. शेजारच्या रिक्षात एक आई पदराने मुलाचे नाक झाकून बसली होती. मी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले. धूर नेहमी दुसऱ्यांचा असतो.

नाक्यावरून आत वळले की मात्र दोन बाळकुम दिसतात. एक वर पाहिल्यावर दिसते: तीस-तीस, चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे आणि त्यांच्याही डोक्यावर क्रेन. दुसरे समोर पाहिल्यावर दिसते: अरुंद गल्ली, मधूनच टिकून राहिलेले एखादे कौलारू घर, ओटीवर सुकत घातलेली मासळी, देवळाचा कळस आणि दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणारी आगरी म्हातारी. खाडी दिसत नाही, पण वाऱ्याला तिचा खारट वास असतो. शेजारच्या कोलशेत रस्त्यावर पूर्वी रंगरसायनांचे कारखाने होते. ते गेले आणि त्या जागांवर वसाहती आल्या. धुराडी गेली म्हणून आपण समाधान मानले. पण प्रत्येक घराच्या वाट्याला एक-दोन वाहने आली, म्हणजे एका धुराड्याच्या जागी हजार धुराडी आली. कारखान्याचे धुराडे निदान उंच तरी असे. फटफटीचे धुराडे जमिनीपासून फूट-दीड फुटावर असते, म्हणजे नेमके बालवाडीत जाणाऱ्या पोराच्या तोंडाशी.

हा शेवटचा विचार माझा नाही, दादूसचा आहे. तिथे येतोच.

दादूसचे दुकान म्हणजे जुन्या घराच्या ओटीला टेकवलेली पत्र्याची शेड. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात काळपट झालेली बनियन, कानावर पेन्सिल. आगरी लोक थोरल्या भावाला दादूस म्हणतात; इथे सगळे गावच त्यांना दादूस म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. शेडच्या कोपऱ्यात फळीवर वह्या मांडून त्यांची आठ-नऊ वर्षांची नात शुद्धलेखन लिहीत बसली होती.

"गारी किती सालची?" त्यांनी विचारले.

मी भाषेचा मास्तर. माझे कान लगेच टवकारले. बाळकुमच्या जुन्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. आणि आपण ज्याला ते काम म्हणतो, ते तिथे 'तो काम' होऊन येते. हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो; पण जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाले की वेगळाच आनंद होतो. मी मनातल्या मनात टिपणे घेत होतो, तोवर दादूसने सीट काढली, टाकी उचलून बाजूला ठेवली आणि उघड्या पडलेल्या फटफटीकडे पाहत राहिले. हात लावला नाही. मग रबराच्या नळीचा एक हातभर तुकडा घेतला, त्याचे एक टोक कानात धरले आणि दुसरे टोक चालू इंजिनावरून सावकाश फिरवू लागले. डॉक्टर छाती तपासतात तसे. एका ठिकाणी थांबून त्यांनी मलाही ऐकवले. सूऽऽ असा बारीक आवाज येत होता.

"श्वास घेतंय. चुकीच्या जागंशी."

इंजिन बंद करून त्यांनी एकेक नळी बोटांनी वाकवून पाहिली. ताजे रबर वाकते आणि परत सरळ होते. माझ्या नळ्या वाकताना चर्र वाजत आणि त्यांच्या पाठीवर उन्हाळ्यातल्या शेताला पडाव्यात तशा बारीक भेगा उमटत. "ही नली मेली. ही पन मेली. ही मरायला टेकली." टाकीपासून कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी तर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी झाली होती. रात्रीचा वास तिचा. गाडी जुनी, आणि पेट्रोल नवे: २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. आपल्याच उसाचे, मक्याचे, तांदळाचे ते इथेनॉल; पण जुन्या गाड्यांच्या नळ्यांचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. खाडीकाठच्या गावात ओलाव्याला काय तोटा! त्या इंधनाला टिकणारीच नळी घालायची, आणि क्लिपाही नव्या घालायच्या, असे ठरले.

मग त्यांनी पुढच्या डिस्कब्रेकची नळी दाखवली. "सर, ही बदलायलाच पायजे. ब्रेकची हाय."

"बदला," मी एका क्षणात म्हणालो. किंमतही विचारली नाही.

नंतर त्यांनी टाकीखालच्या दोन नळ्यांवर बोट ठेवले, एक अंगठ्याएवढी जाड आणि एक शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. "ह्या हवेच्या. ह्या पन बदलाया पायजेत."

आता मी सावध झालो. मध्यमवर्गीय माणसाच्या कानाला 'पण' या शब्दाची फार लवकर चाहूल लागते. मी विचारले, "या नाही बदलल्या तर काय होईल?"

दादूसने माझ्याकडे पाहिले. "तुमाला?" ते म्हणाले. "तुमाला काय नाय व्हनार."

एवढे बोलून त्यांनी ती जाड नळी ओढून काढली, उलटी केली आणि हाताच्या तळव्यावर आपटली. आतून एक पोलादी छर्रा टपकन बाहेर पडला. सायकलच्या बेअरिंगमध्ये असतो तसा, जरा मोठा. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

"यो कोनी घातला?"

मला आठवले. २०१६ साली पावसाळ्यात माझी फटफटी नावाप्रमाणे वागू लागली होती. उतारावर वेग कमी केला की सायलेन्सरमधून फाट्‌ फाट्‌ असे बार निघत. कॉलेजच्या फाटकात शिरताना विद्यार्थी टाळ्या वाजवीत. मी घाईने एका मिस्त्र्याकडे गेलो. कोणता, कुठला, हे सांगण्यात अर्थ नाही. "आवाज बंद करा," एवढेच मी म्हणालो. त्याने दहा मिनिटांत आवाज बंद केला, पन्नास रुपये घेतले. काय केले हे मी विचारले नाही. उलट चार जणांना त्याचा पत्ता दिला.

त्याने काय केले होते ते दादूसने मला समजावून दिले, आणि राहिलेले मी दुसऱ्या दिवशी आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून समजावून घेतले. इंजिनात पेट्रोल जळते, पण सगळे नीट जळत नाही. काहीचा कार्बन मोनॉक्साइड होतो, तर काही कच्चेच धुरातून बाहेर पडते. १ एप्रिल २००५ पासून दुचाकींना भारत स्टेज-२ हे कडक मापदंड लागू झाले, तेव्हा माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत एक साधी, शहाणी युक्ती बसवण्यात आली. धुराचा प्रत्येक लोट बाहेर पडला की त्याच्यामागे क्षणभर पोकळी होते. ती पोकळी त्या जाड नळीवाटे फिल्टरमधली ताजी हवा आत ओढते. मध्ये पोलादाच्या पातळ पात्याची झडप असते. ती हवेला आत जाऊ देते, धुराला उलटे येऊ देत नाही. ताजी हवा मिळाली की उरलेसुरले पेट्रोल तिथेच, तापलेल्या तोंडाशी जळून जाते. पुढे सायलेन्सरच्या पोटातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्या हवेचा उपयोग होतो. पंप नाही, वीज नाही. धुरानेच आपल्या शुद्धीसाठी हवा मागवून घ्यायची.

आणि बारीक नळी? वेग एकदम सोडला की इंजिन कच्चे पेट्रोल जास्त सोडते. त्या वेळी ताजी हवा मिळाली तर सायलेन्सरात बार निघतात. म्हणून तेवढ्यापुरती झडप बंद करण्याचा हुकूम इंजिनाकडून या बारीक नळीतून जातो. माझी बारीक नळी २०१६ सालीच चिरली होती. हुकूम पोचत नव्हता. नळी बदलायची, तर जाड नळीत छर्रा घालून हवाच तोडली. घरातले मूल रडते म्हणून त्याच्या तोंडावर उशी ठेवावी, त्यातला प्रकार! आणि चिर तशीच राहिल्याने इंजिन तिथून भलती हवा ओढू लागले. सिग्नलवरची चढउतार तिचीच.

"पण माझे पीयूसी तर दर सहा महिन्यांनी पास होते," मी म्हणालो. हा माझा शेवटचा बुरूज.

दादूसने नाक्यावरून गाडी तपासून आणायला लावली. २००० सालानंतरच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बनची दशलक्ष भागांत साडेचार हजार भाग आहे. माझी गाडी कार्बन मोनॉक्साइडमध्ये ३.२ आली. पास! दुपारी नळ्या बदलून, झडपेचे पाते पुसून, कार्बोरेटर जुळवून पुन्हा नेली, तेव्हा ०.८ आली. तेव्हाही पास. म्हणजे यंत्राच्या लेखी मी सकाळीही निर्दोष होतो आणि दुपारीही निर्दोष होतो. मधला जो फरक, तो कोणी तरी नऊ वर्षे नाकाने मोजला होता.

नळ्या घालताना दादूसची पद्धत पाहण्यासारखी होती. जुनी नळी ओढून काढायची नाही. तिच्यावर पात्याने लांबट चीर द्यायची, मग ती सालीसारखी सुटते. ओढली तर खालचे नाजूक नळकांडे मोडते. नव्या नळीचे टोक गरम पाण्यात बुडवायचे, मग ते अलगद बसते. शेवटी चालू इंजिनाच्या जाड नळीचे तोंड मोकळे ठेवून त्यांनी माझा अंगठा त्यावर धरला. अंगठा हलकेच आत ओढला जात होता. "जित्ती झाली," ते म्हणाले. "फुंकर आली असती तर पाता गेला असता."

एक नळी त्यांनी सगळ्यांत शेवटी बदलली. इंजिनाच्या पोटातली वाफ फिल्टरकडे परत नेणारी. ती पूर्वी सरळ रस्त्यावर सोडत. या नळीची आणि आपल्या विषयाची एक गंमत प्राध्यापकमहाशयांनी सांगितली. लॉस एंजेलिस शहरावर १९४० नंतर डोळे झोंबवणारे धुके पसरू लागले. आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच शास्त्रज्ञ तिथे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. तो सोडून ते या धुक्याच्या मागे लागले. मोटारींतून निघालेले कच्चे पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवले. आणि तो ओझोन मोजला कशाने, तर रबराच्या वाकवून ठेवलेल्या पट्ट्यांनी! हवेत ओझोन जितका जास्त, तितक्या पट्टीवर भेगा लवकर. पुढे कॅलिफोर्नियात १९६१ सालच्या नव्या मोटारींना ही पोटातली वाफ परत नेणारी नळी लागली. धुराविरुद्ध मोटारीवर बसवलेली ती पहिली वस्तू. म्हणजे पाहा: गाड्यांच्या धुराने हवेत जे विष होते, तेच गाडीच्या नळीला भेगा पाडते, आणि नळी फुटली की धूर आणखी वाढतो. वाकवून ठेवलेली रबराची पट्टी म्हणजे काय, हे मी बाळकुमला दादूसच्या बोटांत पाहून आलो होतो.

पैसे देताना मी छर्रा परत करू लागलो. दादूस म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." मग नातीकडे मान वळवून हळूच म्हणाले, "हिला रात्री मशीन लावतो. वाफेचा. पोरांचा नाक आन् सायलेन्सर एका उंचीला येते सर. मी पन लय छर्रे घातले अगोदर. लोक बोलायचे आवाज बंद कर, मी करायचा." ते पुढे काही बोलले नाहीत. मुलगी शुद्धलेखन लिहीत होती. सगळा हिशोब दोन हजारांच्या आत आला. त्यात हवेच्या दोन नळ्यांचे दीडशे.

परतताना खाडीवर जाऊन यावे म्हणून कशेळीच्या पुलापर्यंत गेलो. भरतीचे पाणी तिवरांच्या मुळांत शिरत होते. उतारावर मी मुद्दाम वेग सोडला. बार निघाला नाही. पण माझे मन तिथे नव्हते. ते आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका खिडकीशी जाऊन बसले होते.

आमच्या तळमजल्यावर एक काकू राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. सकाळचे माझे तास असल्याने मी साडेसहाला जिन्याखाली गाडी सुरू करतो आणि ती गरम होईपर्यंत रुमालाने आरसे पुसत उभा राहतो. त्याच वेळी काकूंची खिडकी लागते. रोज. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून आमची फार पूर्वी बोलाचाली झाली होती. तिचा राग त्या असा काढतात, सकाळी माझे तोंड पाहणे टाळतात, अशी माझी पक्की समजूत होती. मी घरी त्यावर विनोदही करीत असे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. नळ्यांचे सांगितले, छर्रा दाखवला आणि खिडकीचे विचारले.

"अहो, सहाला मी दम्याचं औषध ओढते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तासभर धूर नको म्हणतात डॉक्टर."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुम्हाला कामावर जायचं असतं. आणि खिडकी माझीच आहे ना, मी लावते."

माझ्यामुळे त्यांना दमा झाला असे मी म्हणत नाही. दमा त्यांना मी यायच्या आधीपासून आहे. पण बाळकुमच्या त्या शेडमध्ये मी ब्रेकच्या नळीला एका क्षणात हो म्हणालो आणि हवेच्या नळीला कारण विचारले, हे मला विसरता येत नाही. एक माझ्या जिवाची होती. दुसरीला लागलेल्या भेगा मी कधी पाहिल्याच नसत्या, कारण पुढे बसणाऱ्याला मागचे दिसत नाही.

प्राध्यापकमहाशय म्हणतात की, थंड इंजिन सर्वांत जास्त धूर सोडते आणि कन्व्हर्टर तापेपर्यंत त्याचाही उपयोग नसतो. नव्या नळ्यांनीही सकाळची पहिली मिनिटे सुधारत नाहीत. म्हणून आता मी फटफटी जिन्याखाली सुरू करीत नाही. फाटकाबाहेर ढकलत नेतो, आणि सुरू केली की आरसे न पुसता निघतो. वाढत्या वयाला तेवढा व्यायाम बरा, असे घरी सांगितले आहे. नोंदणीही आणखी पाच वर्षांची झाली. छर्रा माझ्या टेबलावर, लाल शाईच्या पेनाशेजारी असतो.

काकूंची खिडकी अजून साडेसहाला लागते. वीस वर्षांची सवय आहे. परवा मात्र ती अर्धी उघडी राहिली होती. पाऊस थांबला होता म्हणून, की आणखी कशाने, मी विचारले नाही. गाडी ढकलत फाटकाकडे गेलो.